आजचा दिवस धरायचा नाही

मागची तारीख शिक्काताईंनी उभ्या आयुष्यात कुणाला दिली नाही.

एकतीस वर्षं त्या वाचनालयाच्या खिडकीत बसल्या. 'ताई, कालचीच तारीख टाका ना, काल येणारच होतो' म्हणणारे रोज दोनतरी यायचे. त्यांना एकच उत्तर: "काल मी इथेच होते. तुम्ही कुठे होतात?" एकदा खुद्द वाचनालयाचे अध्यक्ष चार दिवस उशिरा आले. काखेत जाडजूड कादंबरी, तोंडावर गोड हसू. "अहो, आपलं घरचंच वाचनालय," म्हणाले. "म्हणूनच," असं म्हणून ताईंनी आजची तारीख धाडकन उठवली. अध्यक्षांचं हसू जागच्या जागी वाळलं. त्या दिवसापासून त्यांना शिक्काताई नाव पडलं, आणि पाळण्यातलं नाव लोक विसरले ते विसरलेच.

शिक्का साधाच होता. लाकडी मूठ, खाली फिरत्या रबरी पट्ट्या: दिवस, महिना, साल. सकाळी खुर्चीत टेकल्यावर पहिलं काम म्हणजे अंगठ्याच्या नखानं दिवसाची पट्टी एक घर पुढे सरकवायची. त्यामुळे त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख बारा महिने जांभळं. आणि एक ठरलेला मंत्र होता. पुस्तक दहा दिवस मिळायचं. माणूस बोटं मोजायचा, "आज पाच, म्हणजे चौदापर्यंत ना?" की ताई चष्म्यावरून बघणार. "आजचा दिवस धरायचा नाही. उद्यापासून एक. पंधरापर्यंत तुमचं." म्हणजे बाईंनी एक दिवस जास्तच दिला की नाही? पण सांगायची तऱ्हा अशी, की माणसाला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं.

निवृत्त होऊन त्यांना आता दोन वर्षं झाली. आज सकाळी नव्या ग्रंथपाल मुलीचा फोन आला. जुनी कपाटं काढायचीत, कॉम्प्युटर यायचेत. "ताई, खालच्या खणात तुमचा एक बिस्किटांचा डबा आहे. आत कार्डं आहेत. टाकून देऊ का?"

"हात लावू नकोस," शिक्काताई म्हणाल्या, आणि चहा अर्धा ठेवून निघाल्या.

डब्यात काय आहे ते त्यांना पाठ होतं. त्रेचाळीस कार्डं. बेचाळीस कार्डांवर 'जमा' च्या रकान्यात तारीख होती. एकावर नव्हती. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. आणि तो रकाना रिकामा राहिला तो शिक्काताईंच्या त्या मंत्रापायी. निदान गेली चार वर्षं त्यांना असंच वाटत होतं. एका दिवसाचा हिशेब त्यांच्या छातीवर बसला होता आणि तो त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता.

आता ही कार्डं आली कुठून, ते सांगायला हवं.

साथ आली तेव्हा गल्लीत सगळ्यात आधी आला तो कागद. आरोग्य खात्याचा, बारीक टायपाचा, पुढून मागून छापलेला. वाचनालयाच्या फळ्यावर ताईंनी तो चार टाचण्यांनी लावला आणि गल्ली त्याच्यापुढे आ वासून उभी राहिली. चाचणी कुणी करायची, संपर्क कशाला म्हणायचं, वेगळं कुणी राहायचं आणि किती दिवस. मराठीच होतं, पण वकिलानं लिहिल्यासारखं. त्यात दर पंधरा दिवसांनी नवा कागद यायचा आणि जुन्याला खोटं पाडायचा.

मग काय, गल्लीत जो तो डॉक्टर. त्यातले खरे पुढारी म्हणजे कंपाउंडरकाका. चाळीस वर्षं एका दवाखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यामुळे आपण पाऊण डॉक्टर, हे त्यांचं मत. "पंधरा मिनिटं जवळ बसलं तरच संपर्क," ते खिडकीतून पुकारायचे. "चौदा मिनिटांना काही होत नाही."

"आणि विषाणूकडे घड्याळ आहे का?" समोरून इस्त्रीवाली विचारायची.

"कागदात लिहिलंय."

"कागदात लिहिलंय म्हणे! अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

पण या पंधरा मिनिटांचा खरा फायदा घेतला तो सलूनवाल्यानं. कोपऱ्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान. ते बंद, पण बाहेर फूटपाथवर एक खुर्ची टाकायला परवानगी मिळाली होती. दाढीला त्याला बारा मिनिटं लागायची, ती नियमात बसली. केस कापायला चोवीस. मग पठ्ठ्यानं शक्कल काढली: डावी बाजू आज, उजवी उद्या! कंपाउंडरकाका पहिले गिऱ्हाईक. एक अख्खा दिवस ते अर्धं डोकं काळं आणि अर्धं पांढरं घेऊन गल्लीतून फिरले, कारण कलप फक्त लांब राहिलेल्या बाजूलाच उरला होता. बायका खिडक्या लावून हसल्या. शेवटी शिक्काताईंनी कागद पुन्हा वाचला आणि जाहीर केलं, की पंधरा मिनिटं ही दिवसभराची मिळून धरायची, म्हणजे सलूनवाल्याचा हिशेब खराच बरोबर आहे. तेव्हापासून त्याचं नाव बारामिनिट पडलं.

चाचणी शाळेच्या पटांगणात व्हायची. रांगेत पांढरी वर्तुळं, वर्तुळात माणसं, आणि नाकात काडी. इस्त्रीवाली परत आली ती डोळे पुसत. "काडी नाकात घातली की आठवणीत घातली, कळेना. मला माझी मेलेली सासू दिसली!" दोन दिवसांनी उत्तर यायचं, आणि ते दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

खरी भांडणं जुंपली ती दिवसांवरून. वेगळं राहायचं दहा दिवस, हे झालं. पण मोजायचं कुठून? ताप आला त्या दिवसापासून, की काडी घातली त्या दिवसापासून, की उत्तर आलं तिथून? जो तो आपल्या सोयीनं मोजू लागला. ज्याला कामावर जायचं तो आधीपासून, ज्याला सासुरवाडीला जायचं टाळायचं तो नंतरपासून. कंपाउंडरकाकांनी तर बायकोचे दहा दिवस सातव्या दिवशीच संपवले, कारण घरात भांडी साचली होती. तेव्हा ताप मोजायला दारोदार फिरणारी आरोग्यसेविका वैतागून वाचनालयात आली. "ताई, तारखा हे तुमचं काम. माझं ऐकत नाहीत. तुम्ही काहीतरी करा."

ताईंनी कागद वाचला. एका ओळीत स्पष्ट होतं: लक्षण दिसलेला दिवस शून्य, दुसऱ्या दिवसापासून एक. त्या हसल्या. म्हणाल्या, "बघ! सरकारला आत्ता कळलं. मी इतकी वर्षं हेच सांगतेय."

वाचनालय वाचकांसाठी तर बंदच होतं. खणात पुस्तकांमागं लावायची कोरी कार्डं पडून होती, वर तीन रकाने: दिल्याची तारीख, परतीची तारीख, जमा. ताईंनी ती काढली आणि ज्या घरात माणूस आजारी, त्या घराच्या दाराला चिमट्यानं एक कार्ड लावलं. पहिल्या रकान्यात ताप आला ती तारीख. दुसऱ्यात दहा पूर्ण दिवस मोजून बाहेर यायची. तिसरा कोरा. ज्या दिवशी माणूस सुटायचा त्या दिवशी सकाळी बरोब्बर दहाला ताई मास्क लावून, एका हातात शिक्का आणि एका हातात शाईची डबी घेऊन दारात हजर. माणूस डोळे चोळत उंबऱ्यावर यायचा, ताई 'जमा' मध्ये तारीख उठवायच्या आणि गल्ली खिडक्यांतून टाळ्या वाजवायची.

पाहता पाहता गल्लीची भाषाच बदलली. "आमचे हे कालपासून इश्यू झाले." "अगं बाई! परत कधी?" "एकवीसला." आणि पुन्हा ताप चढून ज्याचे दिवस वाढले, तो रिन्यू झाला. अजून त्या गल्लीत कुणी चार दिवस दिसलं नाही तर विचारतात, "काय हो, इश्यू झाला होतात की काय?" नवीन राहायला आलेल्यांना काही कळत नाही, ते नुसते बघत राहतात. भीती होती, नाही असं नाही. रोज कुठून तरी वाईट बातमी यायची. पण इतकी माणसं एकमेकांकडे बघून इतकी कधी हसली नव्हती, हेही खरं.

आणि मग आक्का इश्यू झाली.

आक्का ताईंहून अकरा वर्षांनी थोरली. आई लवकर गेली, तेव्हा ताईंच्या वेण्या घालण्यापासून पाटी पुसण्यापर्यंत सगळं हिनं केलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानावर हेडफोन नीट बसावा म्हणून तरुणपणीच केस मानेवर कापले ते कायमचे. आवाज असा, की घरात फोनची गरज नव्हती. नवरा गेल्यावर धाकटीकडे राहायला आली. धाकटीनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे दोघींचाच संसार, आणि तो गेली वीस वर्षं कडाकडा भांडत सुखानं चालला होता. एक नियमाची, एक गप्पांची. ताई घराचं दार लावायच्या, आक्का उघडायची. आल्यागेल्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तीन तारखेला आक्काला ताप आला. काडी झाली, उत्तर आलं. मागच्या खोलीत तिची रवानगी झाली. खोलीला एक दार घरात, एक मागच्या बोळात. ताईंनी कार्ड लिहिलं: दिल्याची तारीख तीन, परतीची चौदा. घरातल्या दाराला चिमट्यानं लावलं.

ताप चार दिवसांत उतरला. आक्काला खरा आजार झाला तो एकटेपणाचा. मग दाराच्या दोन्ही बाजूंना दोघी खुर्च्या टाकून बसायच्या.

"हॅलो," आतून आवाज यायचा. "मागची खोली बोलतेय. स्वयंपाकघर द्या."

"स्वयंपाकघर बिझी आहे."

"अर्जंट कॉल आहे. चहात साखर कमी पडली."

ताई हसू दाबून साखर द्यायच्या. जुन्या गोष्टी निघायच्या. आई कशी ओरडायची, बाबा छत्री कुठे कुठे विसरायचे, ताईंनी शाळेत पहिल्यांदा मार खाल्ला तो कशासाठी. इतक्या वर्षांत समोरासमोर बसून जे बोलणं झालं नव्हतं ते त्या बंद दारातून झालं. आणि दर थोड्या वेळानं आक्का ट्रंक कॉल जोडायच्या जुन्या सवयीनं म्हणायची, "तीन मिनिटं संपली, लाइन तोडू की वाढवू?"

"वाढव," ताई म्हणायच्या.

तेरा तारखेला सकाळी आक्कानं दारावर टकटक केली. "धाकटे, आज तेरा. तीन ते बारा झाले दहा. सोड मला."

"आजचा दिवस धरायचा नाही," ताई म्हणाल्या.

"अगं, आजचा कुठे? तू तीन तारखेबद्दल बोलतेयस."

"तेच. तीन शून्य. चार एक. तेरा दहा. आज रात्रीपर्यंत तुझे दहा पुरे होतात. उद्या सकाळी दहाला."

"एका दिवसानं काय होतं गं? मला जरा उन्हात बसू दे. माणसं बघू दे. आतल्या भिंतीशी बोलून ती भिंतसुद्धा कंटाळली."

"अख्ख्या गल्लीला मी हाच नियम लावलाय. आपल्याच घरात मोडू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आक्का म्हणाली, "बरं बाई. तुझी तारीख."

ताईंना नवल वाटलं. आक्का इतक्या सहजी ऐकणाऱ्यातली नव्हती. थकली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. दुपारी तीन ते चार गल्लीत फेरी मारून कार्डं तपासायचा त्यांचा नेम होता, तो त्यांनी त्या दिवशीही पाळला. संध्याकाळी आक्का मजेत होती. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीची नक्कल करून दाखवली. शेवटी म्हणाली, "तीन मिनिटं झाली हं. तोडते लाइन. उद्या दहाला शिक्का घेऊन ये, उशीर करू नकोस."

चौदा तारखेला दहाला ताई शिक्का घेऊन दाराशी गेल्या. गल्लीतली चार डोकी खिडक्यांत होती. ताईंनी दार वाजवलं, हाक मारली, मग उघडलं.

आक्का पलंगावर होती, कुशीवर, नेहमीसारखी. डॉक्टर आले. म्हणाले, साथीचं दुखणं उतरलंच होतं, हृदय झोपेत थांबलं. त्रास झाला नसणार. ताईंनी तिची उशी सरळ केली तेव्हा दिसलं, आक्काच्या मानेवर पांढरी पावडर होती आणि मानेवरचे केस नीट, बारीक कापलेले. बाहेर यायचं म्हणून बयेनं आरशासमोर बसून आपले आपणच कापले, ताईंना वाटलं. इतकी तिची आशा होती, आणि मी तिला एक दिवस दिला नाही. हातातला शिक्का त्यांनी तसाच खिशात घातला.

त्यानंतर त्यांनी बाकीची कार्डं पूर्ण केली, साथ ओसरली, वाचनालय उघडलं. 'आजचा दिवस धरायचा नाही' हे वाक्य मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही. कुणी विचारलं तर नुसतीच परतीची तारीख सांगायच्या. गल्लीनं ते ओळखलं, पण मूग गिळून बसली.

तर आज सकाळी त्या डबा घेऊन वाचनालयातून निघाल्या. कोपऱ्यावर बारामिनिट गिऱ्हाईक नसल्यानं खुर्ची बाहेर काढून स्वतःच तीत बसला होता. आता तोही पिकला होता. ताईंना बघून उठला.

"ताई, बसा. काय, बिस्किटं वाटताय काय?"

"कार्डं आहेत. साथीतली."

"अरे देवा! दाखवा, दाखवा. माझं आहे ना? मी रिन्यू झालो होतो."

ताई त्या खुर्चीत बसल्या आणि मांडीवर डबा उघडला. बारामिनिट एकेक कार्ड उचलून वाचू लागला. हे कंपाउंडरकाकांचं, बघा, सुटले त्या दिवशी घरातून थेट माझ्या खुर्चीत. ही इस्त्रीवाली. हा गॅसवाला, टाळ्या वाजल्या म्हणून रडला होता. वाचता वाचता तो एका कार्डाशी थांबला. तीन. चौदा. पुढे कोरं.

"आक्कांचं," तो म्हणाला.

"हो."

"शिक्का नाही मारलात?"

काय झालं कुणास ठाऊक. चार वर्षं जे ओठांवर आलं नव्हतं ते त्या सलूनच्या खुर्चीत, भर सकाळी, रस्त्यावर माणसं येतजात असताना शिक्काताईंच्या तोंडून बाहेर पडलं. "कुठल्या तोंडानं मारू? बाहेर आलीच नाही ती. तेराला हात जोडून सांगत होती, उन्हात बसू दे, माणसं बघू दे. मी म्हटलं, उद्या. एक दिवस, एक दिवस नाही दिला मी तिला. जिनं माझ्या वेण्या घातल्या तिला मी तारीख दाखवली!" आणि त्या रडू लागल्या. वाचनालयाच्या अध्यक्षांना घाम फोडणारी बाई, पण लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली.

बारामिनिटाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं इकडे तिकडे बघितलं, खांद्यावरचा टॉवेल काढला, पुन्हा टाकला. मग म्हणाला, "ताई, एक सांगतो. मला नंतर मारा हवं तर. तेराला आक्का बाहेर आल्या होत्या."

ताईंनी डोळ्यांवरचा हात काढला.

"तुम्ही तीनला फेरीला गल्लीच्या पार त्या टोकाला गेलात ना, की त्या मागच्या दारानं, बोळातून. मास्क लावून. आल्या त्या थेट इथे. याच खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, 'मान मोकळी कर रे, दहा दिवस उशीवर घासून केसांचा गोळा झालाय. आणि बारा मिनिटांत उरक, नाहीतर धाकटी मला पुस्तकासारखी कपाटात ठेवील.' मी म्हटलं, आक्का, ताईंना कळलं तर माझा परवाना जाईल. तर म्हणतात, 'तुझा परवाना मी एक्स्चेंजमधून जोडून देते.'"

ताईंच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की रडू, त्यांनाच कळलं नाही.

"मानेला पावडर लावली," तो म्हणाला. "मग त्यांनी मला खुर्ची उन्हाकडे फिरवायला लावली. कंपाउंडरकाका तिकडे खांबाशी उभे, इस्त्रीवाली तिच्या ओट्यावर, सगळे लांबलांब. तिनं कपात चहा पाठवला, तो भिंतीवर ठेवला, आक्कांनी घेतला. चांगला पाऊण तास बसल्या. काय हसवलं हो त्यांनी! तुम्ही लहानपणी बाहुलीलासुद्धा तारीख घालून द्यायचात, ते सांगितलं."

"बाहुलीचं सांगितलं?" ताई म्हणाल्या.

"सगळं सांगितलं. आणि उठताना आमच्याकडून वचन घेतलं. म्हणाल्या, 'माझ्या धाकटीला कुणी सांगायचं नाही, ती मला रिन्यू करील. उद्या दहाला ती शिक्का घेऊन येईल. तिची तारीख तिला पाळू दे, त्यात तिचा जीव आहे. मी पहिल्यांदाच बाहेर आल्यासारखी डोळे चोळत येईन, तुम्ही टाळ्या नीट वाजवा.' म्हणून तर चौदाला आम्ही सगळे खिडकीत उभे होतो, ताई."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. बारामिनिट खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, मेल्या?" ताईंचा आवाज चढला. जुना आवाज, खिडकीतला.

"कसं बोलणार? मला वाटलं, मीच मारलं त्यांना. बाहेर वारा होता. नियम मोडून आल्या, मी खुर्चीत बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी..." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मला म्हणाला असता, नियम मोडला म्हणून गेली. अहो, चार वर्षं मी या खुर्चीत तिसऱ्या प्रहरी कुणाला उन्हाकडे तोंड करून बसवलं नाही."

एकाच गल्लीत, वीस पावलांवर, दोघं एकाच दिवसापायी झुरत होती, आणि रोज सकाळी एकमेकांना 'काय, बरं आहे ना' म्हणत होती.

"अरे, हृदय थांबलं तिचं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. वाऱ्यानं नाही, खुर्चीनं नाही."

"आणि तारखेनं पण नाही, ताई."

ताईंनी डोळे पुसले. मग विचारलं, "ऊन होतं ना पण? नीट?"

"लख्ख. डोळे मिटून बसल्या होत्या. मी म्हटलं, आक्का, झोपलात की काय? तर म्हणतात, 'लाइन चालू आहे, तोडू नकोस.'"

ताई उठल्या. आक्काचं कार्ड हातात घेतलं, डबा त्याच्याच हातात दिला आणि तरातरा वाचनालयाकडे परत निघाल्या. तो मागून ओरडला, "ताई, डबा!" पण त्यांनी मागे बघितलं नाही.

नवी ग्रंथपाल मुलगी टेबलाशी बसून पुस्तकांना पट्ट्या चिकटवत होती. "ताई, काही राहिलं का?"

"शिक्का आहे अजून?"

मुलीनं खण उघडून दिला. मूठ तीच, हाताला बसलेली. ताई खिडकीतल्या खुर्चीत बसल्या. अंगठ्याचं नख पट्टीला लावलं आणि साल मागे फिरवलं. एक, दोन, तीन, चार घरं. रबर कडक झालं होतं, जोर लावावा लागला. मग महिना. मग दिवस. चौदावर पट्टी आली तिथे नख जरा थांबलं. त्यांनी ती एक घर आणखी मागे घेतली.

मुलगी वाकून बघत होती. "ताई, ही तर मागची तारीख झाली," ती म्हणाली. तिलाही कुणीतरी अध्यक्षांची गोष्ट सांगितली असणार.

"हो," शिक्काताई म्हणाल्या. "आमची आक्का एक दिवस आधीच परत आली होती. मला आज कळलं."

आणि त्यांनी 'जमा' च्या रकान्यात तेरा तारीख उठवली.